ओली नळी, कोरडी नळी

१

टाकीतला आवाज थांबला, आणि पाव तास कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही.

ब्लास्टिंगचा आवाज अधूनमधून थांबतोच. दाबाच्या हवेनं लोखंडाची बारीक खडी पत्र्यावर मारायची आणि जुना गंज उडवायचा, हे काम माणूस सलग फार वेळ करू शकत नाही. खांदे भरून येतात. खडीच्या नळीच्या तोंडाशी एक दांडा असतो. तो दाबून धरला तरच खडी उडते. हात सैल पडला की सगळं आपोआप गप्प. त्यामुळे आवारात कुणी म्हणालं, दम खात असेल. कुणी म्हणालं, नाक शिंकरत असेल, सकाळपासून सर्दीनं बेजार आहे बिचारा. टाकीच्या तोंडाशी बसून आत लक्ष ठेवणारा मदतनीस त्या मंगळवारी कामावर आलेला नव्हता, आणि त्याच्या जागी कुणाला बसवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

अकरा वाजता कॉम्प्रेसरच्या खोलीतून म्हातारा कॉम्प्रेसरवाला बाहेर आला, आवाराच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथून धावत सुटला. गुडघ्यांनी वीस वर्षांपूर्वीच राम राम ठोकलेला हा माणूस धावतोय, हे बघूनच चारजणांनी हातातली कामं टाकली.

ब्लास्टर टाकीच्या तळाशी कुशीवर पडला होता. हेल्मेट डोक्यावर होतं, श्वासाच्या हवेची नळी हेल्मेटला होती, हवा तोंडावर वाहत होती. सगळं जिथल्या तिथं. बाहेर काढून हेल्मेट उतरवलं तेव्हा गाल इतके तांबूस होते, की एकजण म्हणाला, "अरे, झोपलाय हा."

डॉक्टरांनी मात्र त्या तांबूसपणाकडे बघूनच ओळखलं. रक्ताच्या तपासणीत तेच आलं: कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. माणूस मरतोय हे माणसालाच कळत नाही.

ज्या हवेवर तो जगत होता ती हवा पाठवणं हे म्हाताऱ्याचं काम, आणि मेलेला ब्लास्टर हा म्हाताऱ्याचा जावई.

गुरुवारी सुरक्षा तपासणी खात्याची बाई आली. अकरा वर्षं ती ह्या आवारात येत होती. कधी धूळ मोजायला, कधी आवाज, कधी हवा. बोलायची थोडं, लिहायची बारीक अक्षरात, आणि कुणी "साधारण" म्हटलं की पेन थांबवून विचारायची, "साधारण म्हणजे किती?" आवारात तिला मोजणीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

फोरमन फाटकातच भेटला. "मॅडम, ह्यात मोजायचं काय उरलंय? हवा ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. काकांचं वय झालं. आम्हीच डोळेझाक केली, ती चूक आमची."

"चूक कुणाची ते शेवटी बघू," ती म्हणाली. "आधी हवा बघते."

कॉम्प्रेसरची खोली म्हणजे काकांचं देवघर असल्यासारखी. विजेवर चालणारं यंत्र, म्हणजे धुराचा प्रश्न नाही. हवा छपराच्याही वरून ओढलेली. ती आधी सुकवली जाई, मग गाळली जाई, मग भिंतीवरच्या पॅनेलमधून जाई. तिथं कार्बन मोनॉक्साइडचा गजर होता, आणि पुढे दोन तोंडं, दोन ब्लास्टरांच्या दोन नळ्यांसाठी. नळी लावण्याआधी तिचं टोक पुसायला खुंटीवर स्वच्छ फडकं.

काका स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. तिला बघून उठले नाहीत.

बाईनं पिशवीतून चाचणीच्या वायूची छोटी बाटली काढली, मोजून तेवढाच वायू गजराच्या तोंडाशी सोडला. सातव्या सेकंदाला गजर असा किंचाळला की आवारातली माणसं दाराशी जमली. मग तिनं यंत्र चालू करून पाऊण तास हवा तपासली. शून्य. गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी बघितल्या. शून्य, शून्य, एकदा एक, पुन्हा शून्य.

"काका, ह्या भिंतीवरून विष गेलेलं नाही."

काकांनी मान वर केली नाही. "गेलं असेल. यंत्रच ते, कधी तरी फसतं. तसंच लिहा."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांत ह्या माणसानं तिला दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यासाठीही वाद घातल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं.

२

दुसऱ्या ब्लास्टरला लांब्या म्हणत. तो दाराच्या चौकटीतून वाकून आत आला आणि खुर्चीत घडी घालून बसला.

"तुम्ही त्या वेळी कुठं होता?"

"शेजारच्या टाकीत. त्याच पॅनेलवर, दुसऱ्या नळीवर."

"डोकं दुखलं? चक्कर, मळमळ?"

"कायपण नाही. आमची ही म्हणते, तुमच्या डोक्यात दुखण्यासारखं काही आहेच कुठं." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "सॉरी मॅडम. तोंडाला सवय झालीय. तो ऐकायचा ना असलं. तोच हसायचा."

बाईनं त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "सर्दी होती त्याला?"

"नाक पार चोंदलेलं. सकाळी चहा घेताना म्हणाला, चहा आहे का कोमट पाणी तेसुद्धा कळत नाही. आणि कानात ठणका. मॅडम, उन्हाळ्यात ही हवा म्हणजे स्वर्ग. पण ह्या दिवसांत तीस मीटर नळी उघड्यावर पडलेली असते. कपाळावर दोन-दोन तास बर्फाची सुई टोचावी तशी हवा लागते."

"मग कसं सोसता?"

लांब्यानं खिडकीतून पलीकडे बघितलं. पलीकडे फोरमनची केबिन होती. "सवय," तो म्हणाला आणि उठलाच.

बाईनं दोघांच्या नळ्या मागवल्या. मंगळवारी दोन्हींची टोकं काकांनीच बुचं लावून बंद केली होती. अपघातातली वस्तू उघडी ठेवायची नाही, हा नियम त्यांनी त्याही दिवशी पाळला होता. तिनं टेबलावर पांढरे कागद पसरले आणि लांब्याच्या नळीचं एक टोक वर धरून दुसरं कागदावर टेकवलं. काही नाही. बोट घालून बघितलं. आतून खडखडीत कोरडी.

मग मेलेल्याची नळी उचलली. पहिला थेंब पडायला वेळ लागला. मग दुसरा, मग एक बारीक धार. कागद फुगला. अर्धा पेला भरेल एवढं पाणी निघालं, आणि त्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी पापुद्रा होता. तिनं वास घेतला. जळक्या डिझेलचा.

हे पाणी कुठून आलं, ह्याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात असतं. गरम हवा पोटात वाफ घेऊन येते, थंड नळीत शिरते, आणि वाफ तिथं पाणी होऊन बसते. पण काकांची हवा गरम नव्हती, दमट नव्हती. पॅनेलवर यायच्या आधीच ती सुकवलेली असे. लांब्याची नळी त्याची साक्ष देत समोर पडली होती.

दोन माणसं, दोन टाक्या, एकच पॅनेल, असं सगळे धरून चालले होते. त्यातलं एक खरं नव्हतं. मेलेल्या माणसानं शेवटी घेतलेली हवा काकांची नव्हती.

३

आवारात डिझेल जाळणारी वस्तू एकच होती. मागच्या भिंतीशी एक मोठा डिझेलचा कॉम्प्रेसर उभा असे. त्याची हवा फक्त खडी उडवण्यासाठी. ती गरम असो, ओली असो, तेलकट असो, खडीला काय त्याचं.

बाई तिथं जाऊन बराच वेळ नुसती उभी राहिली. ब्लास्टिंगच्या आवारात धूळ ही फार प्रामाणिक गोष्ट असते. ती सगळ्यांवर सारखी बसते, आणि जिथं बसलेली नसते तिथं काही तरी होतं असं समजावं. कॉम्प्रेसरच्या तीन बाजूंना जमिनीवर धुळीच्या सरळ कडा उमटल्या होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या. आणि खडीच्या मोठ्या तोंडाखेरीज यंत्राच्या पोटाला हवेची चार लहान तोंडं होती. त्यातल्या तीन तोंडांवर करड्या धुळीचा थर होता. चौथ्याचं पितळ चकाकत होतं.

"इथं मंगळवारी काय बांधलं होतं?" तिनं फोरमनला विचारलं.

"ताडपत्री. गिऱ्हाइकाची माणसं यायची होती, आणि वारा फिरल्यामुळे ह्या डबड्याचा धूर सगळा ऑफिसात. तीन बाजूंनी आणि वरून बांधली मी सकाळी नवाला. त्यात काय गुन्हा झाला?"

"म्हणजे इंजिन आपलाच धूर पुन्हा पीत बसलं. असं झालं की ज्वलन अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. आणि तीच हवा कॉम्प्रेसर ओढून पुढं पाठवतो."

"पाठवू दे की. खडी काय मरते?" फोरमन शांतपणे म्हणाला. "मॅडम, ही हवा माणूस घेत नाही. घेऊच शकत नाही. श्वासाच्या नळीचं तोंड मुद्दाम वेगळ्या मापाचं असतं, ह्या यंत्राला ते बसत नाही. तुमच्याच खात्याचा नियम आहे. मी का तुम्हाला शिकवू?"

"नियम मला माहीत आहे."

"मग हेही लिहून घ्या. आम्ही त्याला बाहेर काढल्यावर मी स्वतः ती नळी हातात धरून शेवटपर्यंत चालत गेलो. काकांच्या पॅनेलवरच होती. चौघांनी बघितलं. आणि मॅडम, तुम्ही उगीच थंडीत उभ्या आहात. काकांनी काल कबुली दिलीय. फिल्टर बदलायचा राहिला, चूक माझी, असं लिहून सही केलीय."

बाईनं तो फिल्टर सकाळीच बघितला होता. त्यावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती, आणि तो सहा महिने चालतो. शिवाय फिल्टर नवा असो की जुना, साधा कोळशाचा थर हा वायू अडवतच नाही, हे काकांना तिनंच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

म्हणजे कबुली खोटी होती. धादांत खोटी, आणि ती देणाऱ्याला ते ठाऊक होतं.

फाटकाशी लांब्या बुटांची नाडी बांधत बसला होता. ती जवळून जाताना त्यानं मान वर न करता म्हटलं, "सवय नाही मॅडम. थंडीचा जोड. स्टोअरात बघा. मी काही बोललो नाही."

४

स्टोअर मंगळवारपासून बंद होतं, कारण ते सांभाळणारी क्लार्क घरी होती. ती काकांची मुलगी. मेलेल्याची बायको.

बाईनं शुक्रवारी सकाळी किल्ली मागून घेतली. आत एका फळीवर ओळीनं चार खिळे होते, प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात नीटनेटका आकडा, आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी जोड. एका बाजूला श्वासाच्या नळीचं माप, दुसऱ्या बाजूला डिझेल कॉम्प्रेसरचं. आवारातल्याच लेथवर कातलेले. प्रत्येक जोडावर तोच पांढरा आकडा.

नियमानं जे बसायला नको होतं, ते बसवायचीच सोय होती ही. रजिस्टरमध्ये तीन हिवाळ्यांपूर्वीची नोंद: थंडीचे जोड, चार नग, करून घेणार फोरमन, खाली त्याची वळणदार सही. त्यापुढे प्रत्येक हिवाळ्यात जोड बाहेर जात होते आणि परत येत होते. डिझेलची हवा गरम असते म्हणून. इतके दिवस उघड्या आवारात धूर वाऱ्यावर जाई आणि ब्लास्टर कपाळ शेकत काम करत. कुणी मेलं नव्हतं, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं.

शेवटची नोंद सोमवार संध्याकाळची होती. जोड नंबर तीन. नेणार, ब्लास्टर, त्याची सही. देणार, स्टोअर क्लार्क, तिची सही. मंजूर, फोरमनची सही. परत आल्याचा रकाना कोरा.

पण तीन नंबरचा जोड तर समोर खिळ्याला लटकत होता. बाईनं तो चिमट्यानं उतरवला. पितळेवर ताजे ओरखडे होते, आणि आतल्या कडेला काजळीची ओलसर रेघ.

ती कॉम्प्रेसरच्या खोलीत गेली तेव्हा काका वही लिहीत होते. कबुलीनंतर त्यांना कामावरून काढलं होतं, तरी वही कुणी काढून घेतलेली नव्हती. तिनं दार लावलं आणि मंगळवारचं पान उघडलं.

"काका, ह्या तुमच्या दर अर्ध्या तासाच्या नोंदी. नऊपर्यंत कॉम्प्रेसर दहा मिनिटांतली सात मिनिटं काम करतोय. दोन माणसांची हवा. साडेनऊपासून दहातली साडेतीन मिनिटं. एका माणसाची हवा. दहाला तेच, साडेदहाला तेच. तुमचंच अक्षर आहे."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"हे पान तुम्ही बदलू शकला असता."

"आकडा कसा बदलणार?" काका पहिल्यांदाच तिच्याकडे बघत म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"अकराला तुमच्या लक्षात आलं की एकच नळी हवा ओढतेय. तुम्ही बाहेर गेलात, नळीच्या मागं गेलात, आणि ती ताडपत्रीत शिरलेली दिसली. मग टाकीकडे धावलात. सगळे त्याला बाहेर काढत होते तेव्हा इंजिन बंद करायला म्हणून एकटे मागं आलात. नळी काढलीत आणि आणून आपल्या पॅनेलला लावलीत. ते टोक त्या दिवशी तुम्ही पुसलं नव्हतं, काका. पॅनेलच्या कडीत अजून खडीची धूळ आहे. जोड खिशात घातलात, आणि स्टोअरात कुणी नाही असं बघून खिळ्याला अडकवलात."

बाहेर कुणी तरी पत्रा ओढत नेला.

"मी दोन दिवस हेच शोधत होते," बाई म्हणाली. "पुरावा हलवणारा माणूस तो स्वतःपासून लांब नेतो. हा स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेला. असं कोण करेल?"

काकांनी चष्मा काढला. "त्या तीनचं शेपूट बघितलंत? असं आत वळवलेलं? पोरीचा तीन तसाच. पाटीवर मीच गिरवून घेतला होता. नळीतून जोड काढला आणि तळहातावर तो आकडा. ह्या जोडांवरून मी भांडलो होतो हो. एक तर गटारात फेकून दिला, तर ह्यांनी नवा कातला. जावई मला म्हणायचा, बाबा, मी नाही वापरत. मला बरं वाटावं म्हणून."

"आणि तिनं दिला."

"नवऱ्याच्या कानात ठणका म्हणून दिला. दुसरी कुणी काय करेल? बाई, तिला वाटतंय मी मारलं. माझ्या हयगयीनं. मंगळवारपासून एक शब्द बोललेली नाही, माझ्या हातचा पेला घेत नाही. नणंदेकडे कायमची निघालीय. जाऊ दे. माझ्यावर रागावून ती जगेल. स्वतःवर रागावली तर कशी जगेल?"

"फोरमन सांगेल, जोड सोमवारीच परत आला होता, पोरगी लिहायला विसरली. नळी पॅनेलवर सगळ्यांनी बघितली. मग तुमचीच कबुली खरी ठरते. मंगळवारी सकाळी तो खिळा रिकामा होता, हे सांगू शकणारं माणूस एकच आहे."

"म्हणूनच सांगतो," काका म्हणाले, "तिला विचारू नका. विचारलंत की तिला कळेल."

तेही खरं होतं. तो प्रश्नच असा होता की त्यात उत्तर बसलेलं होतं.

५

घर दोन खोल्यांचं आणि वर एक पोटमाळ्यासारखी खोली, लेक-जावयाची. दुपारचं मळकट ऊन जिन्याच्या दोन पायऱ्यांवर येऊन थांबलं होतं. मुलगी आतून आली, केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे. बाई बसच्या सगळ्या थांब्यांवर हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं विचारता येईल का ह्याचा विचार करत आली होती. येत नव्हता. काका तिच्या मागोमाग घरात शिरले आणि दाराशीच उभे राहिले. मुलीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"माझ्याकडे काय काम? जे विचारायचं ते त्यांना विचारा."

"एकच विचारते. सोमवारी संध्याकाळी दिलेला तीन नंबरचा जोड परत कधी आला?"

"आला नाही. मंगळवारी साडेआठला मी फळी पुसली, तीनचा खिळा रिकामा होता. वापरायचा विसरला असेल तो, खिशातच राहिला असेल. नळी तर ह्यांच्या पॅनेलवर होती." शेवटचं वाक्य तिनं भिंतीकडे बघून म्हटलं. "अकराला ओरडा झाला तोवर मी काउंटरवरच होते. कुणी काही परत केलं नाही. का?"

"जोड खिळ्याला आहे."

"कुठल्या?"

"तीनच्या."

बाईला तिच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून दिसत गेलं: अकराला तो टाकीच्या तळाशी होता. मेलेला माणूस जोड परत करत नाही. स्टोअर उघडं टाकून ती धावली होती. कुणी तरी त्यानंतर आलं. खिळा कुठला ते ज्याला ठाऊक होतं, आणि सही करायची ज्याला इच्छा नव्हती, असं कुणी तरी.

ती हळूहळू वडिलांकडे वळली.

"बाबा."

काका जमिनीकडे बघत होते.

"तुम्हाला तो कुठं सापडला?"

"राहू दे ना," काका म्हणाले.

"डिझेलला? डिझेलला लागलेला होता?" तिनं भिंतीला हात टेकला. "मी दिला. तो म्हणाला, राहू दे, बाबा ओरडतील. मी म्हटलं, बाबांना कशाला कळतंय, घे. मी म्हटलं घे."

मग बाईनं ताडपत्रीचं सांगितलं, तारखेनं आणि वेळेनं, काहीही न गाळता. सोमवारी संध्याकाळी सही करून जोड कुणी मंजूर केला. मंगळवारी नऊला, तो जोड बाहेर आहे हे माहीत असून, इंजिन कुणी झाकलं. टाकीच्या तोंडाशी माणूस न ठेवता काम कुणी चालू करून दिलं.

"माझी समजूत घालू नका," मुलगी म्हणाली.

"घालत नाहीये. क्रम सांगतेय. जोड तुमच्या हातून गेला, ते खरं आहे आणि खरंच राहील. पण ताडपत्री बांधताना त्या जोडाबद्दल माहीत असणारा माणूस एकच होता. काल मला तो म्हणाला, ती नळी तिथं बसतच नाही. रजिस्टरात त्याच्याच सह्या आहेत, तीन हिवाळ्यांच्या."

"मग त्याला धरा."

"रजिस्टरशिवाय धरता येत नाही. आणि रजिस्टर येत्या सोमवारी चौकशीपुढे ठेवलं की ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. देणार म्हणून तुमचं नाव त्यात आहे. तुमचे सासू-सासरे असतील, तुमची नणंद असेल, आवारातले सगळे असतील. नाही ठेवलं, तर बाबांची कबुली आहेच."

"काय करायचं ते तिनं ठरवावं लागत नाही," काका घाईघाईनं म्हणाले. "माझं ठरलंय. मी म्हातारा माणूस, मला काय..."

"तुम्ही गप्प बसा," मुलगी म्हणाली. "तीन दिवस तुमच्यासमोर मी काय काय बोलले भिंतीला. सगळं ऐकत होता ना?"

"ऐकू कमी येतं मला."

"खोटं. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुम्हाला." टेबलावरचा पसारा बाजूला सारून ती खुर्चीत बसली आणि हात पुढे केला. "कागद द्या, बाई. साडेआठ, रिकामा खिळा. अकरापर्यंत मी काउंटरवर. सोमवारचं काय म्हटलं तेही लिहू?"

"ते लिहिणं जरुरीचं नाही."

"झालंय ना ते? मग लिहिते."

तिनं दोन पानं लिहिली. काका दाराशी उभेच होते. बस म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. सही करून तिनं कागद बाईकडे सरकवले आणि विचारलं, "त्याला कळलं असेल?"

"नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. सर्दीनं होतंय असंच वाटलं असेल त्याला. नाक मोकळं असतं, तर डिझेलचा वास आला असता. तेवढंच."

"आणि हवा? गरम होती ना?"

बाईनं नळीतलं पाणी मोजलं होतं, बाहेरचं तापमान तिला ठाऊक होतं, आणि आत किती ऊब पोचली असेल ते काल तिनं गणित करून बघितलं होतं. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

"होती," ती म्हणाली. "चांगली गरम होती."

मुलीनं मान हलवली. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थोडा वेळ थरथरत राहिली. मग ती वडिलांकडे न बघता, पण त्यांनाच म्हणाली, "सोमवारी तुम्ही माझ्या शेजारी बसा. वाचता वाचता माझा आवाज गेला, तर पुढचं तुम्ही वाचायचं. माझ्या नावासकट. गाळायचं नाही काही."

काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"वाचतो," ते म्हणाले.